गोळी नको म्हणणारं मूल

गोरेगावात सकाळच्या शाळेच्या घाईत एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) गोळी कुटून लाडवात दडवणं सोपं वाटतं. पण सावकाश विरघळणारी गोळी कुटली की मात्रा बिघडते, आणि फसवणूक कळलेलं मूल लाडूही नाकारतं. नकार म्हणजे हट्टच असं नाही. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाने भूक मरते, झोप उडते, डबा तसाच परत येतो. मग मुलानेच ठरवायचं? नाही, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसारही अल्पवयीनाच्या वतीने निर्णय पालकच घेतात. औषध निरुपयोगी आहे असंही नव्हे. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवरच्या अमेरिकी अभ्यासात दरमहा तपासून औषध दिलेली मुलं नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलेल्यांपेक्षा जास्त सुधारली. गंमत म्हणजे त्या दुसऱ्या गटातही बहुतेकांना औषध चालूच होतं. म्हणजे फरक नियमित तपासणीचाही होता. मुलाची कुरकुर डॉक्टरांपर्यंत पोचली, तर मात्रा, वेळ किंवा औषधही बदलता येतं.