गुळाची खीर का फाटते?

श्रोतेहो, सणाचा दिवस असतो. शेवयांची खीर शिजत आलेली असते, दूध आटून दाट झालेले असते. साखरेचा डबा रिकामा निघतो, म्हणून घरातली बाई उकळत्या दुधात गुळाचा खडा टाकते. आणि बघता बघता चोथा वेगळा, पाणी वेगळे! पोरे तर ताटावर बसलेली. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते दूधच शिळे होते. बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते.

गूळ चवीला गोड, पण अंगाने किंचित आंबट असतो. उसाच्या रसातली थोडी आम्लता त्यात उरते, आणि गूळ जुना झाला की ती वाढते. साखर कारखान्यात स्वच्छ होऊन येते, तिच्यात ही आम्लता नसते. गरम दुधाला थोडीही आम्लता पुरते. त्यातली प्रथिने गोळा होतात आणि दूध फाटते. उपाय सोपा आहे. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. खीर उतरवून कोमट होऊ द्यावी, मग गुळाचे पाणी हळूहळू घालावे, आणि पुन्हा उकळी आणू नये. आपल्या जुन्या बायकांनी याहून सोपी वाट काढली होती. गव्हाची खीर गुळात शिजवायची आणि दूध वाटीत वेगळे वाढायचे. कारण त्यांनी सांगितले नसेल, पण वाट चुकली नव्हती.

हा विषय सेवाग्रामच्या निमित्ताने काढण्याचे कारण आहे. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले, आणि १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. साखरेपेक्षा गूळ बरा, तो गावात तयार होतो आणि अधिक पोषक आहे, असे गांधीजी लिहीत आणि सांगत. उसाचाच नव्हे, तर ताडाशिंदीच्या नीरेचा गूळही ग्रामोद्योगाच्या कामात होता. विचार पटतो, पण विचार पटला म्हणून खीर फाटायची थांबत नाही! एक जिन्नस काढून दुसरा घालताना पहिला कोणकोणते काम करीत होता, हे आधी बघावे लागते. गोडी हे त्यातले एकच काम.

संक्रांतीचेच घ्या. गुळाच्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची मऊ गोळी झाली, तर लाडू मऊ होतात. तोच थेंब कडक होऊन ताटलीवर टण् वाजला, की पाक चिक्कीचा झाला. तीच चिक्की पावसाळ्यात करून बघा, दोन दिवसांत चिकट होईल. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. तीळगुळाला पौषातली कोरडी हवा मानवते, ती यामुळेच.

अनारशांची गोष्ट तर प्रत्येक घराची. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, कांडून गुळात मळून ठेवायचे, आणि ऐन दिवाळीत तुपात सोडला की अनारसा हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. घरातले हसतात, करणारी मात्र रडकुंडीला येते. गूळ किंवा ओलावा जास्त झालेला असतो, पिठाला धरून राहायला बळ उरत नाही. थोडे कोरडे तांदळाचे पीठ मळून घ्यावे आणि आधी एक लहानसा अनारसा तळून पाहावा.

कोहळ्याच्या बोंडांना मात्र हा जाच नाही. किसलेले कोहळे गुळाबरोबर शिजवायचे, त्यात मावेल तेवढी कणीक मळायची, पाणी घालायचे नाही. कोहळ्याची स्वतःची गोडी असते, तेव्हा गूळ कमी घातला तरी पोरांना कळतही नाही.

आणि काही ठिकाणी बदल करूच नये. होळी-पाडव्याच्या गाठी आठवतात ना? गळ्यात घालायच्या आणि संध्याकाळपर्यंत एकेक पदक चाखत संपवायच्या. शेवटी गळ्यात चिकट दोरा उरायचा, आम्ही तोही चोखत असू. ती गाठी गुळाची होत नाही. साखरेचा पाक साच्यात घट्ट होऊन पांढरा, कोरडा बसतो; गुळातले बाकीचे अंश साखरेचे दाणे नीट धरू देत नाहीत. वर्षातून एकदा साखरेची गाठी खाल्ल्याने ग्रामोद्योग बुडत नाही, असे माझे मत आहे.

आता परक्या मुलखातला एक पदार्थ. नाताळला इंग्रजी घरांत ट्रायफल करतात. तळाशी दारूत भिजवलेले केकचे काप, वर फळे, त्यावर दाट दुधाचा थर. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि दारूची गरजही नाही. तिचे काम कोरडा केक मऊ करण्याचे. ते संत्र्याचा रस करतो, आणि नाताळात आपल्याकडे संत्री असतात. केकच्या जागी वर्ध्याचा गोरसपाक घ्या. गायीच्या तुपातला तो खुसखुशीत गोरसपाक रस चांगला पितो. अर्धा लिटर दुधात दोन मोठे चमचे शिंगाड्याचे पीठ आधी थंड दुधातच कालवून शिजवा, साखर घाला, पूर्ण गार होऊ द्या आणि मग संत्र्याच्या सोललेल्या फोडींवर ओता. गरम ओताल तर गुळाच्या खिरीचीच गत! त्याच दिवशी संपवावे.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. घरातल्या आजोबांना मधुमेह असतो आणि सणाला त्यांच्या पानात लाडू पडतो: "बाबा, गुळाचाच आहे, खा." गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे, आणि रक्तातली साखर तो वाढवतोच. त्यांना किती गोड चालेल हे डॉक्टरांना विचारा. बाकी त्यांना आवडणारे तिखटमीठ, भाजलेले तीळ, ओल्या हरभऱ्याची उसळ पानात वाढा. सणाच्या पंगतीतून त्यांना उठवू नका.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून नयी तालीम पुढे आली. हातांनी काम करता करता शिकायचे, हा तिचा गाभा. तेव्हा स्वयंपाकघरही वर्गच झाले. तुम्हीही दोन भांड्यांत सारखे दूध घ्या. एकात उकळत असताना गूळ घाला, दुसऱ्यात कोमट झाल्यावर. मुलांनी दूध मोजावे, गूळ तोलावा, काय दिसले ते वहीत लिहावे. चूल तुम्ही सांभाळा. उकळते दूध किंवा पाक मुलांच्या हाती देऊ नका, पाक कातडीला चिकटून पाण्यापेक्षा खोल भाजतो. फाटलेले दूध फेकू नका. गाळून चोथ्यात थोडा गूळ परतला, तर मधल्या सुट्टीत घासभर खाऊ होतो.