सायकलीचा कणा

सायकलीच्या किमतीत स्कूटर यावी, असे हे दिवस! त्यामुळे आमच्या कन्येने 'कार्बनची, अगदी कडक फ्रेम' मागितली, तेव्हा घरात बराच खल झाला. तिचा रविवारचा रस्ता ठरलेला: मंचर, घोडेगाव, डिंभे आणि पुढे भीमाशंकरचा चढ, कधी जुन्नरहून नाणेघाट.

हा कडकपणा म्हणजे काय? चढावर उभे राहून पायडल दाबले की फ्रेमचा खालचा भाग किंचित बाजूला लवतो. कार्बनचे धागे राळेत बसवताना त्यांची दिशा अशी ठेवता येते, की हे लवणे कमी होते आणि वजनही वाढत नाही. घाट उतरताना अशी सायकल वळणावर नेमकी वळते.

पण खड्ड्यांचे हादरे? ते सोसणे मुख्यतः टायरचे काम! २५ मिलिमीटरऐवजी ३२ चा टायर कमी हवेवर चालतो आणि हादरे गिळतो. दगडी फरसबंदीची पॅरिस–रुबे शर्यत १९९५ साली फ्रांको बालेरिनी यांनी जिंकली, ती कार्बनच्याच सायकलीवर.

म्हणून मी कन्येला म्हटले, "फ्रेम कडक घे, पण तुझ्या मापाची, आणि ३२ चा टायर मावेल अशीच घे. कधी पडलीस तर ती आधी तपासून घे. कार्बनची चीर वरून दिसतेच असे नाही."

तिने हिशेबाची वही ओढली आणि फ्रेमच्या आधी टायरांचे पैसे मांडले. घरातला खल तिथेच मिटला.