वारसासंपत्ती : करआकारणी व कुटुंबलाभ

वारसासंपत्ती : मृत व्यक्तीच्या मालमत्तेतून मृत्युपत्राने अथवा वारसाहक्काने वारसांकडे संक्रमित होणारी संपत्ती. एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या कुटुंबाकडे दोन प्रकारची प्राप्ती येते : एक, मृताने मागे ठेवलेली मालमत्ता व दुसरी, त्याच्या आश्रितांना नियमानुसार मिळणारे निवृत्तिवेतन वा अर्थसाहाय्य. व्यवहारात या दोहोंची अनेकदा गल्लत होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या सर्वस्वी भिन्न आहेत. भारतात वारशाच्या मुद्दलावर कर नाही. पण त्यापासून मिळणारे उत्पन्न करपात्र ठरू शकते आणि काही आश्रितांच्या बाबतीत तेच उत्पन्न निवृत्तिवेतनाचा हक्कही संपुष्टात आणते.

पूर्वेतिहास : चिंतामण द्वारकानाथ देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ चा संपदा शुल्क अधिनियम संमत झाला व १५ ऑक्टोबर १९५३ पासून मृताच्या एकूण संपदेवर शुल्क आकारले जाऊ लागले. पुढे सर्वोच्च टप्प्यावर त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. प्रत्यक्ष वसुली मात्र अल्प होती. १९८५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात विश्वनाथ प्रताप सिंग यांनी हे उत्पन्न केवळ सु. २० कोटी रु. असून वसुलीचा खर्च तुलनेने अधिक असल्याचे सांगितले. १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत हे शुल्क रद्द झाले. संपत्तिकरही २०१५ च्या वित्त अधिनियमाने संपुष्टात आला.

वारसा व आयकर : वारशाने अथवा मृत्युपत्रान्वये मिळालेली रक्कम वा मालमत्ता वारसाचे उत्पन्न मानली जात नाही. मृत्यूच्या दिनांकापर्यंतच्या मृताच्या उत्पन्नावरील कर त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीस भरावा लागतो. परंतु ही जबाबदारी हाती आलेल्या संपदेच्या मर्यादेपुरतीच असते. त्यानंतरचे भाडे, व्याज व लाभांश हे वारसाचे उत्पन्न होय. अज्ञान वारसाचे असे उत्पन्न सामान्यतः आई वा वडील यांच्या उत्पन्नात मिळविले जाते. विकलांग अज्ञान मुलांना यातून सूट आहे.

वारशाने आलेली मालमत्ता विकल्यास भांडवली नफा मोजताना पूर्वीच्या मालकाची खरेदी किंमत व त्याचा धारणकाल धरतात. उदा., वडिलांनी २००५ मध्ये ४ लाख रुपयांस घेतलेला भूखंड त्यांच्या मृत्युसमयी ३० लाखांचा झाला व मुलाने तो ४० लाखांस विकला, तर मूळ किंमत ४ लाख धरली जाते, ३० लाख नव्हे. म्हणजे वारसा घेताना कर नसला, तरी पित्याच्या हयातीतील मूल्यवृद्धीवरील कर विक्रीच्या वेळी मुलाकडे येतो. म्हणूनच जुनी खरेदीखते जपून ठेवणे अगत्याचे असते. १ एप्रिल २०२६ हा अंमलबजावणीचा दिनांक असलेल्या २०२५ च्या आयकर अधिनियमानेही ही तत्त्वे कायम ठेवली आहेत.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या सामाईक मालकीच्या पद्धतीमुळे त्या पद्धतीखालील पतिपत्नींचे वेतनाखेरीज इतर उत्पन्न आयकरासाठी दोघांत समान विभागले जाते.

कुटुंब निवृत्तिवेतन : केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना १ जानेवारी १९६४ पासून अंमलात आली. खाजगी क्षेत्रातील भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदांसाठी १९७१ ची व नंतर १९९५ ची योजना झाली. हे वेतन मृताच्या संपदेचा भाग नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात असे स्पष्ट केले, की त्यावर कर्मचाऱ्याचा स्वतःचा हक्क नसल्याने मृत्युपत्राने ते अन्य कोणास देता येत नाही. नियमांत निर्दिष्ट केलेल्या कुटुंबीयांनाच ते मिळते.

वारसा मुद्दलतः करमुक्त असला, तरी कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर मार्गांनी मिळणारे उत्पन्न’ म्हणून करपात्र आहे. त्यातून एक-तृतीयांश रक्कम अथवा ठरावीक कमाल रक्कम (जुन्या करपद्धतीत १५,००० रु., नव्या करपद्धतीत २५,००० रु.) यांपैकी जी कमी असेल ती वजा मिळते. युद्धजन्य कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांस मिळणारे निवृत्तिवेतन करमुक्त आहे.

उत्पन्नमर्यादेचा परिणाम : केंद्रीय नियमांनुसार विधवेस वा विधुरास निवृत्तिवेतन देताना उत्पन्नाची अट नसते, त्यामुळे पतीचे घर वा ठेवी वारशाने मिळाल्याने विधवेचे वेतन थांबत नाही. आईवडील, तसेच पंचविशी उलटलेल्या अविवाहित, विधवा वा घटस्फोटित कन्या यांना मात्र आश्रित असल्याचे दाखवावे लागते. त्यांचे इतर मासिक उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतन (१ जानेवारी २०१६ पासून ९,००० रु.) व त्यावरील महागाई साहाय्य यांच्या बेरजेपेक्षा कमी असावे लागते. अशा कन्येस वडिलांचे घर मिळाले व ती त्यात स्वतः राहिली, तर तिच्या उत्पन्नात भर पडत नाही. तेच घर तिने भाड्याने दिले व भाडे मर्यादेपलीकडे गेले, तर तिचा हक्क जातो. म्हणून वाटणीच्या वेळी आश्रित कन्येच्या वाट्यास काय यावे, हा विचार केवळ मालमत्तेच्या किमतीवरून करणे पुरेसे नसते.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी १९९५ पासून राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजना आहे. १८ ते ५९ वर्षे वयाच्या मुख्य कमावत्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास केंद्राकडून कुटुंबास २०,००० रु. एकरकमी मिळतात. वारशाची वाटणी होण्याची वाट या साहाय्यास पाहावी लागत नाही, कारण त्याचा आधार मालकी हा नसून कुटुंबाची गरज हा आहे.