अनामत रक्कम आणि तिची मुदत

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय प्रवेशाच्या पैशांवर लेख लिहावा, हे माझ्या काही मित्रांना चमत्कारिक वाटले. परंतु माझी धाकटी बहीण यंदा बारावी शास्त्र शाखेत आहे आणि 'नीट'ची तयारी करते आहे. वडील चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; त्यामुळे नियम वाचण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी वाचलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. फी किती, ही चौकशी सगळेच करतात. पैसे कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत भरायचे आणि त्या दिवशी ते हातात कोठून आणायचे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. वस्तुतः गरिबाच्या मुलाची वाट पुष्कळदा तेथेच अडते.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. उरलेल्या ८५ टक्के आपल्या राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष भरतो. अभिमत विद्यापीठांच्या जागाही दिल्लीच्या समितीकडूनच भरल्या जातात. या समितीकडे नाव नोंदवताना अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या वर्गाच्या विद्यार्थ्याला १,००० रुपये शुल्क आणि १०,००० रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी हेच आकडे ५०० आणि ५,००० असे आहेत. शुल्क परत मिळत नाही, अनामत मिळते. अभिमत विद्यापीठांसाठी मात्र शुल्क ५,००० आणि अनामत २ लाख रुपये! येथे जातीचा वा उत्पन्नाचा कसलाही भेद नाही, सर्वांना एकच आकडा. पिंपरीतले डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय हे अभिमत विद्यापीठाचे आहे. आमच्या भागातील मुलांना जाता-येता दिसणारे वैद्यकीय महाविद्यालय तेच. पण अशा अनेक महाविद्यालयांची वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. तेव्हा आमच्यासारख्यांची सारी भिस्त पुण्याच्या बी. जे. सारख्या सरकारी महाविद्यालयावरच.

अनामत घेण्यामागे कारण नाही असे नाही. पूर्वी एकच विद्यार्थी दोन-तीन ठिकाणी जागा अडवून ठेवी, शेवटी एक घेई, आणि बाकीच्या रिकाम्या राहत. त्याला आळा बसावा म्हणून ही रक्कम. पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तरी अनामत सुरक्षित राहते. दुसऱ्या फेरीपासून मात्र मिळालेल्या जागेवर हजर झाले नाही तर ती जप्त होते. नियम वाजवी आहे. पण त्याचा धाक सर्वांना सारखा नाही. ज्याच्या घरी दहा हजार म्हणजे एका सहलीचा खर्च, तो दूरदूरची महाविद्यालयेही पसंतीक्रमात बिनधास्त भरतो. ज्याच्या घरी ती रक्कम म्हणजे अर्ध्याहून अधिक पगार, त्याच्या पसंतीची यादी भीतीपोटी आखूड होते. ही आखूड यादी कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसत नाही.

आता मुदतीकडे वळू. प्रवेशाच्या फेऱ्या साधारणतः जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. पसंतीक्रम भरण्याची मुदत रात्री उशिरापर्यंत असली तरी पैसे भरण्याची खिडकी त्याआधीच, बहुधा दुपारी, बंद होते. ठेकेदाराकडचा पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो. मुदत चार तारखेला संपत असेल तर काय करावे? आमच्या भागात अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि त्या दिवशी बँका उघड्या असतात, एवढेच आमचे भाग्य! एरवी ड्राफ्ट काढायचा तर वडिलांचा खाडा ठरलेला.

ही मुदत किती निष्ठुर ठरते, याचे अलीकडचे उदाहरण वैद्यकीय नसले तरी बोलके आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. स्वीकृती शुल्क १७,५०० रुपये, मुदत २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत. घरच्यांनी पैसे जमवले तेव्हा शेवटची काही मिनिटे उरली होती, आणि भरणा पूर्ण होण्याआधीच खिडकी बंद झाली. तो मुलगा न्यायालयांचे उंबरठे झिजवीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्याला प्रवेश देण्याचा आदेश झाला. मुंबईच्या आयआयटीतील जागेच्या बाबतीत २०२१ सालीही शुल्क वेळेत न भरता आलेल्या एका विद्यार्थ्याला त्याच न्यायालयाने जागा मिळवून दिली होती. न्याय मिळाला हे खरे. पण दिल्लीपर्यंत किती जण जाऊ शकतात?

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. १९८३ च्या सुमारास विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी मिळाली, देणग्यांचे पेव फुटले, आणि १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: महाविद्यालयाने एका वेळी एकाच वर्षाची फी घ्यावी, पुढच्या वर्षांची आगाऊ मागू नये. हे पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण 'सगळे एकदम भरा' असे कोणी म्हटले की आमची माणसे मान डोलावतात.

सवलतींचेही असेच. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय मोठा आहे. परंतु तो अभिमत विद्यापीठांना आणि व्यवस्थापन कोट्याला लागू नाही, आणि दिल्लीच्या समितीची अनामत तर त्यात मुळीच बसत नाही. बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळते. ४ लाखांपर्यंत साधारणतः तारणही लागत नाही. पण कर्जासाठी प्रवेशाचे पत्र लागते, आणि अनामत तर त्या पत्राच्याही आधी भरायची असते.

मग पैसे येतात कोठून? कायम कामगाराला कंपनीची पतपेढी असते. ठेकेदाराकडच्याला भिशी, नाहीतर सोने गहाण. भिशीचा दर शेकडा दोन धरला तर दहा हजारांचे महिन्याला दोनशे रुपये व्याज होते. परतावा यायला पाच महिने लागले तर हजार रुपये गेले. दोन लाखांचे त्याच हिशेबाने वीस हजार. अनामत पुरी परत मिळते असे पुस्तिका म्हणते. व्याज कोण परत करणार? माझ्या मते अनामत रद्द करू नये, पण उत्पन्नाचा दाखला जोडणाऱ्या विद्यार्थ्याकडून ती जागा मिळाल्यानंतर घ्यावी. जागा अडवण्याचा धोका खरे म्हणजे तेव्हाच सुरू होतो.

तोवर आपल्या हाती थोडेच आहे. पतपेढीचा अर्ज निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच द्यावा. आणखी एक: परतावा ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जातो. आमच्याकडे पुष्कळ जण सायबर कॅफेवाल्याच्या खात्यातून भरणा करून त्याला रोख देतात. पाच-सहा महिन्यांनी तो दुकान बंद करून गेलेला असतो. म्हणून बहिणीचे खाते आम्ही दिवाळीतच उघडले, आणि त्यात सध्या २,३०० रुपये आहेत.