झिओलाइट उत्प्रेरक आणि धातूंची जोड

दख्खनच्या काळ्या पाषाणात खाणकाम चालू असता पुष्कळदा पोकळ्या उघड्या पडतात व त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखे चकचकीत स्फटिक आढळतात. असा स्फटिक तापविला की त्यातून पाण्याची वाफ निघते. हा गुण पाहून क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली त्यास झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’, असे नाव दिले.

झिओलाइटाची चौकट सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या अणूंची असते. तिच्यातील छिद्रे ठराविक रुंदीची असल्यामुळे त्यांत मावतील तेच रेणू आत शिरतात. ॲल्युमिनियमाच्या अणूपाशी चौकटीवर ऋण विद्युद्भार राहतो. त्याचा तोल हायड्रोजनाच्या आयनाने साधला, म्हणजे ती जागा तीव्र आम्लाप्रमाणे वागते. अशा रीतीने एकच पदार्थ चाळणीचे व आम्लाचे काम करतो.

पॉलिएस्टर धाग्यासाठी लागणाऱ्या पॅराझायलीनचे उदाहरण घेऊ. पॅराझायलीन १३८ अंश, तर मेटाझायलीन १३९ अंश सेल्सियसला उकळते. त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने ती वेगळी होत नाहीत. म्हणून पॅरा अन्य मार्गाने काढून घेतात आणि उरलेल्या मेटा व ऑर्थो यांचे झिओलाइटावर पुन्हा पॅरामध्ये रूपांतर करतात. या मिश्रणात एथिलबेंझीनही असते. आम्लामुळे ते फुटून बेंझीन व एथिलीन तयार होते. एथिलीनचे रेणू एकमेकांस जोडले गेले, तर कालांतराने छिद्रांत कोळशाचा थर बसून उत्प्रेरक निकामी होतो. येथे अल्पशी प्लॅटिनम धातू उपयोगी पडते. हायड्रोजनाच्या सान्निध्यात ती एथिलीनचे निरुपद्रवी एथेन बनविते व उत्प्रेरक दीर्घकाळ टिकतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ ही उत्प्रेरकमाला तयार केली. १९८० च्या दशकात झायलीनच्या रूपांतरासाठी तिचा वापर वडोदऱ्याच्या कारखान्यात झाला. परकीय तंत्रज्ञानावर अवलंबून असलेल्या उद्योगास हा मोठाच आधार होता.

धातू चौकटीच्या आतही बसविता येते. इटलीतील संशोधकांना १९८३ साली टायटॅनियमयुक्त सिलिकालाइटाचे एकस्व मिळाले. त्याच जातीचा टीएस-२ हा पदार्थ १९९० मध्ये पुण्यात तयार झाला. अशा उत्प्रेरकावर हायड्रोजन पेरॉक्साइड फिनॉलचे कॅटेकोल व हायड्रोक्विनोन बनविते आणि पेरॉक्साइडाचे केवळ पाणी उरते.

रायपूर, कोरबा या भागांस हा विषय दूरचा नाही. तेथील वीजकेंद्रांत दगडी कोळसा जळून राखेचे ढीग साचतात. या राखेत मुख्यत्वे सिलिका व ॲल्युमिना असतात. दाहक सोड्याच्या द्रावणात ती तापविली, तर तिच्यापासून झिओलाइट मिळते. मात्र राखेत लोहादी अशुद्धी असतात, आणि छिद्रे एकसारखी व स्वच्छ नसतील तर धातू योग्य जागी बसत नाही. म्हणून आधी राखेचे शुद्धीकरण, मग स्फटिकीकरण व शेवटी धातूची जोड, असा क्रम पाळावा लागतो. तो कमी खर्चात साधला, तर शेतांवर उडणाऱ्या राखेचा काही भाग तरी कारखान्यांच्या उपयोगी येईल.