एका जागेचा भाव
निवडणुकीचे अंकगणित : लेखांक सहावा

निकालापूर्वी निकालाचा अंदाज बांधण्याचे दोन मार्ग आहेत. मतदारांना विचारणे हा पहिला मार्ग असून त्याचा विचार मागील लेखांकात झाला. पैसे लावणाऱ्यांच्या व्यवहारातून ठरणारा भाव वाचणे हा दुसरा. या भावाची परिभाषा विदर्भात मटक्यामुळे रुळलेली आहे. पैसे लावणे ती लगवाडी आणि ती पैज बुकीने स्वतःच्या अंगावर घेणे ती खायवाडी. मटक्याचा उगमही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होत्या दरांवर मुंबईत लागणाऱ्या पैजांमध्ये सापडतो, तेव्हा यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्याला ही भाषा परकी वाटू नये.

समजा, यवतमाळ विधानसभा मतदारसंघात एका उमेदवाराचा भाव ४० पैसे आणि प्रतिस्पर्ध्याचा २ रुपये आहे. पहिल्यावर एक रुपया लावून तो जिंकला, तर रुपया परत मिळून वर ४० पैसे मिळतात. म्हणजे भाव जितका कमी, तितका उमेदवार ‘फेव्हरिट’. १ भागिले १.४० केल्यास सुमारे ७१ टक्के आणि १ भागिले ३ केल्यास सुमारे ३३ टक्के शक्यता निघते. दोहोंची बेरीज शंभराऐवजी जवळपास १०५ भरते, आणि हे वरचे पाच टक्के म्हणजे बुकीने भावातच ठेवलेली आपली कमाई होय. ती वजा जाता पहिल्या उमेदवाराची शक्यता ६८ टक्क्यांवर येते. वृत्तपत्रांतून ‘सट्टाबाजारात अमुकाचे पारडे जड’ एवढेच छापले जाते, तेव्हा तीनपैकी एका वेळी तो हरू शकतो ही त्याच भावातली अर्धी माहिती गळून पडते.

भावामागचा सिद्धांत असा की, विखुरलेली माहिती असलेले असंख्य लोक आपापल्या समजुतीवर पैसे लावतात, चुकीच्या भावात नफा दिसताच जाणकार पुढे येतात आणि भाव खऱ्या शक्यतेकडे सरकतो. यासाठी लावणारे पुष्कळ आणि परस्परांहून स्वतंत्र असावे लागतात. संपूर्ण राज्याच्या सत्तेवर ही अट काही प्रमाणात पुरी होते; एका मतदारसंघावर मात्र उलाढाल इतकी पातळ असते की मोजक्या मोठ्या पैजांनी भाव हलतो, आणि ‘हवा’ आपल्या बाजूची आहे असे भासवण्यासाठी समर्थकांनी पैसे ओतणे हा प्रचारखर्चाच्या मानाने स्वस्तातला उपाय ठरू शकतो.

यवतमाळचे आकडे या मर्यादेची कठोर परीक्षा घेतात. २०१४ मध्ये प्रमुख पक्ष स्वतंत्र लढले असता भाजपचे मदन येरावार शिवसेनेच्या संतोष ढवळे यांच्यापेक्षा १,२२७ मतांनी पुढे राहिले. २०१९ मध्ये येरावार यांनी काँग्रेसचे बाळासाहेब मांगुळकर यांना ८०,४२५ विरुद्ध ७८,१७२, म्हणजे २,२५३ मतांनी हरवले. एवढे अंतर काही गावांतील मतदान वाढल्या-घटल्याने उलटू शकते, म्हणून अशा लढतीत ३०-४० पैशांचा भाव निघाला असता, तर तो माहितीपेक्षा आत्मविश्वासाचाच निदर्शक मानावा लागला असता.

२०२४ चा निकाल वेगळ्या कारणाने बोलका आहे. राजस्थानातील फलोदीच्या सट्टाबाजाराच्या नावाने छापले गेलेले अंदाज भाजपच्या नेतृत्वाखालील महायुतीला बहुमताच्या १४५ या आकड्याच्या आसपास ठेवत होते. २३ नोव्हेंबरला महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. बाजाराने दिशा ओळखली, लाटेची उंची ओळखली नाही. त्याच दिवशी यवतमाळची जागा मात्र लाटेच्या उलट गेली आणि मांगुळकर ११,३८१ मतांनी विजयी झाले. जिल्ह्यातील सातपैकी पाच जागा महायुतीकडे गेल्या, तर यवतमाळ काँग्रेसकडे आणि वणी शिवसेना (उबाठा) पक्षाकडे. राज्याचा भाव पाहून एका जागेचा अंदाज बांधणाऱ्याची इथे फसगत झाली असती, कारण जागा परस्परांशी निगडित असल्या तरी प्रत्येकीत उमेदवार, बंडखोर आणि जातींची बेरीज आपापली असते.

अर्थात एका निकालावरून कोणताही भाव चूक किंवा बरोबर ठरत नाही. ७० टक्के शक्यतेचा भाव योग्य होता की नाही, हे तसेच भाव असलेल्या अनेक लढतींपैकी सुमारे ७० टक्के प्रत्यक्षात जिंकल्या गेल्या का, यावरूनच कळते, आणि त्यासाठी नोंदी लागतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९८८ पासून चालवलेल्या बाजारात प्रत्येकाची गुंतवणूक ५०० डॉलरपुरती मर्यादित ठेवून व्यवहारांच्या नोंदी अभ्यासकांसाठी जपल्या गेल्या. भारतात १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवते, तर महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यामुळे सारा व्यवहार शब्दावर आणि फोनवर चालतो, आणि वसुली झाली की चिठ्ठ्या नष्ट केल्या जातात. २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर घटनांच्या निकालांवर पैसे लावू देणाऱ्या ‘प्रोबो’सारख्या ॲपनेही पैशांचे व्यवहार थांबवले. परिणामी यवतमाळच्या गेल्या तीन निवडणुकांचे मतांचे आकडे निवडणूक आयोगाकडे बूथनिहाय उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्याशी ताडून पाहण्याजोगी भावांची विश्वसनीय मालिका कोठेही नाही.

(पुढील लेखांकात : मतदानोत्तर चाचण्या आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६-अ)