गाडा एकाचा, परमिट दुसऱ्याचं

न्यूयॉर्कच्या फुटपाथवर गाडा लावून चिकन-भात विकायचा तर दोन कागद लागतात. पहिला विकणाऱ्या माणसाचा. आरोग्य खात्याचा अन्नसुरक्षेचा वर्ग करायचा, परीक्षा द्यायची, फी भरायची, की फोटो असलेलं लायसन्स मिळतं आणि ते गळ्यात अडकवून उभं राहायचं. ते देताना तुम्ही या देशात कसे आलात, कोणत्या व्हिसावर आहात, असलं काही कुणी विचारत नाही. दुसरा कागद गाड्याचा, म्हणजे परमिट. सगळी रड आहे ती या दुसऱ्या कागदाची.

१९८३ मध्ये, एड कॉच महापौर असताना, शहराने खाद्यपदार्थांच्या गाड्यांच्या परमिटवर मर्यादा घातली. सगळ्या शहरात मिळून साधारण तीन हजार. फुटपाथवर गर्दी होते, दुकानांपुढे गाडे लागतात अशा तक्रारी होत्या, त्यावर काढलेला हा तोडगा. तेव्हा शहराची वस्ती सत्तर लाखांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती ८८ लाखांवर गेली. परमिटांचा आकडा मात्र जवळपास चाळीस वर्षं जागचा हलला नाही.

ज्यांना तेव्हा परमिट मिळालं, ते दर दोन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करत राहिले. सरकारी फी दोन वर्षांची २०० डॉलर. त्यातल्या कित्येकांनी गाड्यावर उभं राहणं कधीच सोडलं, काही तर शहर सोडून दुसरीकडे राहायला गेले. पण परमिट सोडलं नाही. कारण तेच परमिट दुसऱ्याला वापरायला दिलं की दोन वर्षांचे वीस-पंचवीस हजार डॉलर हातात पडतात. हे बेकायदा आहे आणि सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या टेबलावर हे सगळं कसं येतं ते सांगते. मी मूळची सोलापूरची. आता याच शहरात, क्वीन्सच्या जॅक्सन हाइट्समध्ये हिशेब आणि टॅक्सची कामं करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नोकरी करते. आमच्याकडे टॅक्सीवाले येतात, नेल सलूनवाल्या बायका येतात आणि गाडेवाले येतात. सेल्स टॅक्स बहुतेकांना दर तिमाहीला भरावा लागतो. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरची २० तारीख ही शेवटची. त्याआधीच्या आठवड्यात प्लास्टिकच्या पिशव्या भरून पावत्या येतात, तेलाचे डाग पडलेल्या. मी एकेक रकाना भरत जाते: चिकन, तांदूळ, तेल, गॅसची सिलिंडरं, फॉइलचे डबे, गॅरेजचं भाडं. मग विचारते, "आणि परमिटचे?" समोरचा माणूस गप्प होतो. वर्षातला एवढा मोठा खर्च आणि त्याची चिठ्ठीसुद्धा नाही. पैसे रोख गेलेले असतात. देणाऱ्याला बोलता येत नाही, घेणारा कुठे सही करत नाही. पावती नाही म्हणजे खर्च दाखवायला आधार नाही. त्यामुळे हा माणूस कागदावर प्रत्यक्षापेक्षा वर्षाला दहा-बारा हजार डॉलरने सधन दिसतो, आणि जे पैसे त्याच्या खिशात राहिलेच नाहीत त्यांच्यावर कर भरतो. हा हिशेब करताना मला दर वेळी संताप येतो.

आमच्या जुन्या ग्राहकांपैकी एक बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे आहेत. मी त्यांना भाई म्हणते, ते मला दिदी. मिडटाऊनमध्ये ऑफिसांच्या भागात त्यांचा गाडा असतो. एकदा मी मुद्दाम पहाटे त्यांच्या गॅरेजला गेले, कारण ज्या धंद्याचे आकडे मी वर्षानुवर्षं लिहिते तो डोळ्यांनी बघायचा होता. या शहरात गाडा रात्री रस्त्यावर ठेवता येत नाही. रोज शहराने मान्यता दिलेल्या गॅरेजमध्ये न्यायचा, तिथे धुवायचा, तिथेच उभा करायचा, आणि त्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला द्यायचं. भाई आणि त्यांचा हेल्पर चारच्या सुमारास तिथे पोचतात. टाकीत पाणी भरणं, खणात बर्फ टाकणं, सिलिंडर जोडणं, मग गाडा व्हॅनच्या मागे जोडून क्वीन्सहून मॅनहॅटनला.

नियमाने गाडा जास्तीत जास्त दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. एवढ्यात सपाट लोखंडी तवा, भात गरम ठेवायचे खण, हात धुवायचं बेसिन आणि दोन माणसं. कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस आदल्या रात्री आलं-लसूण, धणे-जिरं आणि लिंबात मुरवलेलं असतं. ते तव्यावर पसरलं की भाई दोन उलथनी घेऊन उभे राहतात. आधी हात लावत नाहीत. खालची बाजू नीट लाल झाल्याशिवाय उलटायचं नाही, आणि मग उलथन्यांच्या धारेने तव्यावरच भराभर तुकडे करायचे. पिवळा भात, त्यावर हे चिकन, बाजूला चिरलेलं लेट्यूस आणि टोमॅटो, वरून पांढरा सॉस, आणि मागितला तर लाल तिखट. दुपारी बारा ते दोन या वेळात त्यांना मान वर करायला फुरसत नसते. दिवसाची निम्म्याहून अधिक कमाई त्याच दोन तासांतली. दहा डॉलरची थाळी विकली की त्यातले ८० सेंटच्या वर सेल्स टॅक्सचे, कारण इथला दर ८.८७५ टक्के आहे आणि गाडेवाले तो भावातच धरतात. रांगेतल्या माणसाला सुट्टे मोजत बसवायचं नसतं.

थंडीत ते पायाखाली पुठ्ठ्याचे दोन थर घालून उभे राहतात. तव्याची ऊब कमरेच्या वर लागते, काँक्रीटचा गारठा खालून चढतो. लघवीला जायचं तर शेजारच्या गाडेवाल्याला सांगून जवळच्या एखाद्या हॉटेलात विनंती करायची. या गोष्टी कुठल्याच विवरणपत्रात येत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

शिवाय नियम फुटांत मोजलेले. इमारतीच्या दारापासून वीस फूट, रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपासून दहा फूट, चालणाऱ्यांसाठी बारा फूट मोकळा फुटपाथ. सामान गाड्याच्या आत किंवा खाली. बाजूला कोकची एक पेटी ठेवली तरी दंड. तपासनीस मोजपट्टी घेऊन येतात. काही गुन्ह्यांना दंड हजार डॉलरपर्यंत जातो.

फुटपाथवर खाणं विकून पोट भरणारे परदेशी लोक या शहराला नवे नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोअर ईस्ट साइडला हेस्टर स्ट्रीटवर पूर्व युरोपातून आलेले ज्यू हातगाड्या लावून लोणची, मासे, पाव विकत. १९३० च्या दशकात महापौर ला ग्वार्डिया यांनी गाड्या रस्त्यावरून हटवून मंडयांत नेल्या. १९४० मध्ये उघडलेलं एसेक्स स्ट्रीट मार्केट त्यातलंच. पुढे हॉट डॉग आणि सुवलाकीचे गाडे ग्रीक लोकांनी चालवले. त्यांची मुलं शिकून दुसऱ्या कामांना लागली आणि जागा इजिप्तच्या, बांगलादेशाच्या, अफगाणिस्तानच्या माणसांनी घेतली. १९९० मध्ये तीन इजिप्शियन माणसांनी सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू आणि ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर हॉट डॉगचा गाडा लावला. तिथे थांबणाऱ्या मुसलमान टॅक्सीवाल्यांना हलाल, पोटभरीचं जेवण हवं असायचं, म्हणून ते चिकन-भात करू लागले. आज 'हलाल गाईज' या नावाने त्यांची दुकानं कित्येक देशांत आहेत. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कपाशी श्रीलंकेहून आलेल्या थिरू कुमार यांनी डोशांचा गाडा लावला. त्यांना २००७ मध्ये गाडेवाल्यांच्या स्पर्धेतला 'वेंडी' पुरस्कार मिळाला. ही नावं वर्तमानपत्रांतून झळकली, याचा मला आनंदच आहे. पण त्यांच्याकडे बघून सगळ्यांचं असंच होतं असं कुणी समजू नये.

माझ्या ऑफिसच्या जवळ रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर, डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या सात नंबरच्या ट्रेनखाली, मेक्सिको आणि इक्वेडोरच्या बायका सकाळी सहापासून उभ्या असतात. त्यांच्याकडे गाडाही नसतो. बाजारहाटाच्या ट्रॉलीत मोठं पातेलं, त्यावर टॉवेल, आत तमाले. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, दळायचे, पीठ चरबी घालून हलकं होईपर्यंत फेटायचं, मध्ये चिकन नाहीतर हिरवी मिरची आणि चीज घालून मक्याच्या सालीत गुंडाळायचं आणि वाफवायचं. आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या डोळ्यांपुढे आणल्या तर कल्पना येईल. बांधकामावर जाणारे मजूर दोन-दोन घेऊन ट्रेन गाठतात. यांच्यातल्या बहुतेकींकडे परमिट नाही, कारण मिळायला ते शिल्लकच नव्हतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रुकलिनमधल्या एका सबवे स्टेशनात चुरो विकणाऱ्या बाईला पोलिसांनी बेड्या घातल्या. तो व्हिडिओ शहरभर फिरला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की पोटासाठी तळलेलं काही विकणं हा इथे गुन्हा ठरू शकतो.

इमिग्रेशन रिसर्च इनिशिएटिव्ह या संस्थेने २०२४ मध्ये पाहणी केली. तिच्या अंदाजाने शहरात सुमारे २३,००० रस्त्यावरचे विक्रेते आहेत आणि त्यांतले ९६ टक्के बाहेरच्या देशांत जन्मलेले. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांकडे परमिट नाही. इतकी माणसं नियमाबाहेर असतील तर मी तरी माणसांना दोष देणार नाही, नियमाकडे बोट दाखवीन.

कोरोनात हे विक्रेते उघड्यावर पडले. ऑफिसं बंद, गिऱ्हाईक नाही, आणि ज्यांच्याकडे इमिग्रेशनचे कागद नाहीत त्यांना बेकारभत्ताही नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा वगळलेल्या कामगारांसाठी २.१ अब्ज डॉलरचा निधी काढला. एकेकाला १५,६०० डॉलरपर्यंत मिळू शकत होते. मुख्य अट, काम करत होतो याचा पुरावा द्या. पातेल्यातून तमाले विकणाऱ्या बाईने पुरावा कुठून आणायचा? टॅक्स भरला असेल तर तो चालत होता. आमच्या ऑफिसात त्या उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत दिवे असत. जुनी विवरणपत्रं, बँकेची पानं, जे मिळेल ते जोडत होतो. ज्यांनी कधी टॅक्स भरला होता त्यांचं काम झालं. बाकीच्यांपैकी काहींचे कागद जुळेपर्यंत ऑक्टोबरात निधी संपला.

दुकानदारांची बाजू मी ऐकलेली आहे. तेही आमचेच ग्राहक. ते म्हणतात, आम्ही भाडं देतो, वीज देतो, इमारतीचा मालमत्ता कर आमच्याच माथी येतो, आणि दारापुढचा गाडा निम्म्या भावात विकतो. त्यांचं भाडं खरंच अवाच्या सवा आहे. पण गाडेवालाही भाडं देतोच की. फक्त ते शहराच्या तिजोरीत जात नाही, परमिटवाल्याच्या खिशात जातं. शहराने २०० डॉलर घेतले आणि बाकीचं सगळं मधल्या माणसाला सोडलं. जिथे शहर स्वतः लिलाव करतं तिथे काय होतं तेही बघण्यासारखं आहे: बागांमधल्या जागांचे ठेके बोलीने जातात, आणि २०१३ च्या सुमारास सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका हॉट डॉगच्या जागेला वर्षाला २,८९,५०० डॉलर मोजले जात होते.

२००१ मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्रीट व्हेंडर प्रोजेक्ट' या संघटनेने वर्षानुवर्षं मोर्चे काढले, नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर सभा घेतल्या. शेवटी २०२१ मध्ये कायदा झाला. दहा वर्षं दरवर्षी ४४५ नव्या प्रकारची लायसन्स द्यायची, ज्यांच्यावर गाड्याचं परमिट मिळतं, आणि असं लायसन्स असलेल्या माणसाने गाड्यावर हजर असलं पाहिजे. माझ्या मते कायद्याचा जीव या दुसऱ्या अटीत आहे. परमिट भाड्याने द्यायचा धंदा तिथेच बसतो. कागद प्रत्यक्ष हातात पडण्याचा वेग मात्र फार मंद राहिला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नगरपरिषदेने महापौरांचा नकाराधिकार डावलून आणखी एक दुरुस्ती केली: रस्त्यावर विकण्याबद्दल यापुढे दंड होईल, फौजदारी गुन्हा नाही. ज्यांचा इमिग्रेशनचा अर्ज चालू आहे त्यांच्यासाठी या दोहोंत किती अंतर आहे हे आमच्या ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्याशिवाय समजत नाही.

आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं असं म्हटलं आहे. मुंबईत त्याची अंमलबजावणी कशी रखडली ते मराठी वाचकांना मी सांगायला नको. पण तत्त्व योग्य आहे: माणसं वाढली तर परवाने वाढतील. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहराला हे चाळीस वर्षं सुचलं नाही.

भाईंचा नंबर गेल्या वर्षी लागला. २०२१ च्या कायद्याखालचं लायसन्स त्यांच्या नावाने आलं, तेव्हा ते पाकीट न फोडता आमच्याकडे घेऊन आले. मी वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, "दिदी, मुलीचं लग्न ठरतंय सिल्हेटला. दीड महिना जायला लागेल. गाडा कोण बघणार?" पूर्वी हेल्परवर सोडून जाता येत होतं. आता असलं लायसन्स असलेला कुणीतरी गाड्यावर लागतो, आणि हेल्परकडे ते नाही. आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. गाडा दीड महिना बंद ठेवला तरी गॅरेजचं भाडं चालू राहील. हेल्पर तेवढे दिवस ओळखीच्या दुसऱ्या गाड्यावर जाईल. डिसेंबरात पर्यटक असतात, तो महिना सोडायचा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत धंदा तसाही निम्म्यावर येतो. परमिटचे वीस हजार या वेळी द्यायचे नव्हते, त्यातून विमानाची तिकिटं आणि लग्नाचा बराचसा खर्च निघत होता. निकाहाची तारीख जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात धरा, असा निरोप त्यांनी आमच्या ऑफिसातूनच फोनवर घरी दिला.